चारित्र्याचा दाखला कोण कुणाला देतो?

माझं चारित्र्य सध्या पोलीस ठाण्यातल्या एका कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. ते परत मिळावं म्हणून गेल्या महिन्यात मी तीन चकरा मारल्या. तिसऱ्या खेपेला हवालदार वैतागला. म्हणाला, "अरे, तू सुटलास ना कोर्टातून? मग झालं तर. आता काय पाहिजे तुला?"

मी म्हणालो, "साहेब, मी सुटलो. नाव नाही सुटलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. म्हणाला, "नाव आम्ही खोडत नसतो. ते वरून होतं."

हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे, ते मी अजून शोधतोय.

हकीकत सांगतो. रडगाणं म्हणून नाही. माझ्यासारखी पोरं प्रत्येक वस्तीत दहा-वीस निघतील, आणि त्यातली बरीचशी लाजेने गप्प बसलीत, म्हणून सांगतो.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला मानवंदना द्यायला गेलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. मी तेव्हा वीस वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमची अख्खी वस्ती हमरस्त्यावर उतरली, बायाबापड्यांसकट. मीही उतरलो. खोटं कशाला बोलू? घोषणा दिल्या, रस्त्यावर ठाण मांडून बसलो. दगड हातात घेतला नाही. रात्री वस्तीत कोंबिंग ऑपरेशन झालं. एफआयआरमध्ये चार-पाच जणांची नावं आणि पुढे 'व इतर १५० ते २०० अनोळखी इसम' असं लिहिलेलं होतं. त्या अनोळखी इसमांत माझी ओळख पटली! दरवाज्यावर लाथ, केसाला धरून ओढणं, दोन रात्री लॉकअप. कलमं लागली १४३, १४७, १४९, ३४१, ३५३, ४२७. वर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५. माझ्या वयाची पोरं क्रिकेटचे स्कोअर पाठ करत होती, मी कलमं पाठ केली.

पाच वर्षं तारखा. कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर, कधी कोर्टच बंद. दर तारखेला एक खाडा. २०२३ साली निकाल लागला. सबळ पुरावा नाही, संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. आईने वस्तीत साखर वाटली.

आणि मग नोकरी लागली. एका बड्या कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे, डेटा एंट्रीची. अठरा हजार पगार, गळ्यात कार्ड. अकरा दिवस ट्रेनिंग झालं. बाराव्या दिवशी सकाळी गेटवर कार्ड लावलं, तर गेट उघडेना. वॉचमन म्हणाला, बाजूला उभे राहा. तासाभराने एचआरच्या मॅडम खाली आल्या. फार गोड बोलल्या. "सर, तुमचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन रेड आलंय."

मी म्हणालो, "मॅडम, मी निर्दोष सुटलोय. निकालाची नक्कल आत्ता घरून आणून देतो."

"ते बरोबर आहे, सर. पण क्लायंटची पॉलिसी आहे. केस झालेला माणूस नको."

*

केस झालेला माणूस नको. हे वाक्य मी घरी येईपर्यंत लोकलमध्ये मनात घोळवत होतो. कुठेतरी ऐकलेलं वाटत होतं. नंतर लक्षात आलं, हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी ऐकलेलं आहे. शिवलेला तो शिवलेलाच! चूक होती का, कुणाची होती, हे विटाळात कुणी विचारत नाही. विटाळाला निकाल नसतो. १९२७ साली आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, तर सनातन्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते शुद्ध करून घेतलं. म्हणजे तळ्याला शुद्धी आहे. आमच्या नावाला नाही. कोर्टाने धुऊन दिलं तरी नाही.

घरी आलो. आई म्हणाली, "तरी तुला सांगत होते, नको जाऊस रस्त्यावर." तिचा राग मला समजतो. चार घरची धुणीभांडी करून तिने मला शिकवलं. खाटेवर आजा पडला होता. ऐंशी पार केलेला. त्याला वाटलं, मी काही चोरीमारी केली. सगळं समजावून सांगितल्यावर उठून बसला. म्हणाला, "लेका, चौसष्ट साली दादासाहेबांनी हाक दिली, तवा जेलात जायाला आमच्यात रांग लागली व्हती. मी सुटून आलो तर आपल्या लोकांनी गळ्यात हार घातला. आन् तुझी नोकरी जाती? ह्ये कसं काय?"

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह. लाखांवर माणसं तुरुंगात गेली. बायका लेकरं घेऊन गेल्या. तुरुंग हा आपल्या माणसांचा दागिना होता. मग माझ्यापर्यंत येता येता तो डाग कसा झाला?

आजाला उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले. ते असं आहे.

आजाची नोंद एका ठाण्यातल्या एका वहीत होती. ती वही कपाटात, कपाट अंधारात, आणि पुढचं काम वाळवीने केलं. शिवाय आजाला चारित्र्य विचारणारं कुणी नव्हतंच. ऊस तोडायला, खडी फोडायला, मेलेलं ढोर ओढायला चारित्र्याचा दाखला लागत नाही. आजही गटारात उतरणाऱ्याची पडताळणी कुठला ठेकेदार करतो, दाखवा मला! आपण शिकलो, शहरात आलो, खुर्चीजवळ पोचलो, आणि मग चारित्र्य विचारलं जायला लागलं. खाली राहणाऱ्याला चारित्र्य माफ आहे. वर चढणाऱ्याला जिन्यातच अडवतात.

दुसरं म्हणजे ती वही आता वही राहिलेली नाही. २००९ साली केंद्राने देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडायची योजना मंजूर केली. सीसीटीएनएस तिचं नाव. एका ठाण्यात नाव चढलं की दुसऱ्या जिल्ह्यात ते दिसतं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाका. संवेदनशील गुन्ह्यांचा अपवाद करा. हेतू चांगला होता. आपल्यावर काय आरोप आहे ते आरोपीला लवकर कळावं, त्याला नकलेसाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत. कोर्टांची संकेतस्थळंही लोकांच्याच सोयीसाठी झाली. नाव टाका, केस दिसेल. पण ही सोय सगळ्यात आधी कुणी उचलली? पडताळणी करणाऱ्या खाजगी कंपन्यांनी. त्यांचा माणूस एसीत बसून नाव, बापाचं नाव आणि पत्ता टाकतो. जे निघेल त्यावर हिरवा, पिवळा नाहीतर लाल शिक्का मारतो. आमच्या वस्तीत एकाच नावाचे चार कांबळे, पाच गायकवाड आहेत. एकाने केलेलं दुसऱ्याच्या नावावर लागलं, तर त्याला कळणार कसं? त्याला तो रिपोर्ट कुणी दाखवत नाही. त्याला फक्त गेट उघडत नाही एवढंच कळतं.

आणि या यंत्राची गंमत बघा. नाव आत जायला चोवीस तास. बाहेर यायला कुठलीच मुदत नाही. निकालाचा कागद कोर्टातून ठाण्यात जायचा, ठाण्यात कुणीतरी तो पाहायचा, कॉम्प्युटरमध्ये भरायचा. हे करून कुणाला बढती मिळते? कुणालाच नाही. म्हणून ते राहून जातं. आणि भरलं तरी काय? 'निर्दोष' हा शब्द नावापुढे लागतो. नाव तिथेच राहतं.

*

आता सरकारी नोकरीची बाजू. निवड झाली की साक्षांकन नमुना हातात देतात. ज्यांनी भरला असेल त्यांना माहीत आहे. कधी अटक झाली होती काय? कधी खटला भरला गेला होता काय? कधी बंधपत्र घेतलं होतं काय? दंड झाला होता काय? शिक्षा झाली होती काय? शिक्षेचा प्रश्न सगळ्यात शेवटी. अटक करणं पोलिसाच्या हातात आहे, माझ्या नाही. पण अटकेचा जाब मी द्यायचा! दुसऱ्याने माझ्या अंगावर चिखल उडवला, आणि फॉर्म मला विचारतो, तुमच्या अंगावर कधी चिखल उडाला होता काय?

सर्वोच्च न्यायालय यावर काय म्हणतं, तेही नीट समजून घ्या. भावनेवर भागणार नाही. २०११ साली दिल्ली पोलिसांच्या एका भरती प्रकरणात न्यायालय म्हणालं, तरुण वयात चुका होतात, त्या चुकांसाठी आयुष्यभर गुन्हेगार म्हणून शिक्का मारू नका. ब्रेडच्या तुकड्यासाठी चोर ठरलेल्या फ्रेंच कादंबरीतल्या ज्याँ व्हालज्याँचं उदाहरणही त्यांनी दिलं. बरं वाटलं ना? दोनच वर्षांनी, २०१३ साली, दिल्ली पोलिसांच्याच दुसऱ्या प्रकरणात तेच न्यायालय म्हणालं, तडजोडीने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याला नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही, पोलीस खातं त्याला नाकारू शकतं. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सगळ्याचा मेळ घातला. माहिती खरी द्या. लपवली तर मालकाला काढता येईल. पण गुन्हा किरकोळ असेल, तर लपवल्याबद्दलही मालक माफ करू शकतो. किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण काय दिलं माहीत आहे? तरुण वयात घोषणा देणं! सर्वोच्च न्यायालयाने आपल्यासाठीच लिहून ठेवल्यासारखं वाटतं. मात्र त्याच निकालात हेही आहे की, खरं सांगितलं आणि खटला संपलेला असला, तरी मालक पूर्वचरित्र बघू शकतो, नेमणूक द्यायची सक्ती त्याच्यावर नाही.

म्हणजे लपवलं तर खोटारडा, सांगितलं तर गुन्हेगार.

आणि हा 'संशयाचा फायदा'! सन्मानाने निर्दोष आणि संशयाने निर्दोष अशा दोन जाती त्यांनी निर्दोषांतही पाडल्यात. गरिबाच्या खटल्यात साक्षीदार येत नाही, पंच उलटतो, तपास अर्धवट असतो, न्यायाधीश दोन ओळींत निकाल देऊन पुढची फाईल घेतो. तपास पोलिसांनी बिघडवला. त्याचा डाग माझ्या नावावर का? मोठा वकील लावून सन्मान विकत घेता आला असता, तर आम्ही लॉकअपमध्ये कशाला गेलो असतो!

*

या नोंदी कुणाच्या नावावर होतात, हा खरा प्रश्न आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माला आलेलं पोर पाळण्यातच गुन्हेगार. पडताळणी करायची गरजच नाही, जात विचारली की झालं. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात आपल्याच भटक्या बांधवांच्या पिढ्या हजेरी देत जगल्या. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशातून गेला. तारा काढल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आज गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर का जाते? कारण नोंद आहे. नोंद का आहे? कारण मागच्या चोरीच्या वेळीही गाडी आधी तिथेच गेली होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाका. २०२४ साली! तोवर तो रकाना होता.

आकडे बघा. सरकारचेच आहेत. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेली. शंभरातली जवळजवळ शहात्तर. यांतले उद्या कितीतरी सुटतील. पण तेवढ्या सगळ्यांच्या नावापुढे अटक लागली ती लागली. आणि त्या कच्च्या कैद्यांत सुमारे पाचातला एक अनुसूचित जातीचा, २०११ च्या जनगणनेत आपण लोकसंख्येच्या साडेसोळा टक्के असताना.

त्यात वस्तीला पाठ असलेले दोन प्रकार घ्या. एक चॅप्टर केस. गुन्हा काहीच नाही. निवडणूक आली, मिरवणूक आली, की शांतता भंग करशील म्हणून बोलावतात आणि बंधपत्रावर सही घेतात. पोरगं समजतं, सही केली, सुटलो. ती सही साक्षांकन नमुन्यात दहा वर्षांनी उगवते. दुसरा प्रकार म्हणजे क्रॉस केस. गावात आपल्या माणसाला मारलं, त्याने अ‍ॅट्रॉसिटी दाखल केली, की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दरोड्याचा नाहीतर विनयभंगाचा गुन्हा. मग तडजोडीची बोलणी. तू तुझी मागे घे, आम्ही आमची घेतो. दोन्ही केसेस मरतात. पण पाटलाच्या पोराला बापाचा ट्रॅक्टर आणि कारखान्याची चिठ्ठी आहे, त्याला कोण पडताळणार? आपल्या पोराच्या नावावर मात्र दरोडा. मार खाल्ला त्यानेच, आणि पोलीस भरतीतून बाद झाला तोही.

कुणी म्हणेल, सरकारने बंदच्या केसेस मागे घेतल्या ना? घेतल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं, भीमा कोरेगावच्या ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतले. उरलेल्या ३०१ चं काय, ते त्या पोरांना विचारा. पण मागे घेतलेल्यांचंही ऐका. सरकारने मंत्रालयात घोषणा केली म्हणून खटला संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यायचा, कोर्टाने परवानगी द्यायची. आणि परवानगी मिळाल्यावरही एफआयआर जिथे चढला तिथून उतरवायचं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. पेपरात माफी, कॉम्प्युटरमध्ये गुन्हा!

*

दलित पँथरने १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. म्हणून तिकडचं एक उदाहरण आपल्या कामाचं आहे. डेवा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईने मिलवॉकी शहरात प्रयोग केला. तो २००३ साली छापून आला. सारख्या शिक्षणाची, सारख्या पोशाखाची गोरी आणि काळी पोरं नोकरी मागायला पाठवली. काहींनी तुरुंगात जाऊन आल्याचं सांगायचं, काहींनी नाही. तुरुंगात गेलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना परत बोलावणं आलं. कसलाच डाग नसलेल्या काळ्यांपैकी १४ टक्क्यांना! तुरुंगात गेलेल्या काळ्यांचं तर विचारूच नका, शंभरात पाच. म्हणजे काळ्याची कातडी हाच त्याचा गुन्ह्याचा दाखला. आपल्याकडे असा प्रयोग कुणी करायची गरज नाही. आडनाव सांगून बघा.

पण तिकडच्या काळ्यांनी नुसता शोक केला नाही. तुरुंगातून सुटलेल्यांनीच चळवळ उभारली. नोकरीच्या अर्जावरची 'तुम्हाला शिक्षा झाली आहे काय' ही चौकटच काढा, आधी माणूस बघा, मग इतिहास बघा. हवाई राज्याने १९९८ सालीच तसा कायदा केला होता, मग बाकीची राज्यं आणि शहरं त्या वाटेने आली. आणि इंग्लंड? ज्या इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमाती बनवल्या, त्यांनी आपल्या घरच्या गुन्हेगारासाठी १९७४ साली पुनर्वसनाचा कायदा केला. ठरावीक वर्षं सरळ वागलास, की जुनी शिक्षा सरली, बहुतेक नोकऱ्यांत ती सांगायची गरज नाही. मोठ्या शिक्षेचे गुन्हे त्यातून वगळले. ते साल लक्षात ठेवा. १९७४. त्याच सालच्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, आणि मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने आपला भागवत जाधव गेला.

आपल्या देशात मोठ्या माणसांसाठी असा सरसकट कायदा आजही नाही. मुलांसाठी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाची नोंद, काही भयंकर गुन्हे सोडून, ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची आहे. १९५८ चा परिवीक्षेचा कायदा आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू नये, असं त्याचं बारावं कलम सांगतं. पण हे वस्तीत कुणाला माहीत आहे? आणि ज्याला परवडतं त्याला बाकीचंही मिळतं. २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयात भारतीय वंशाचा एक अमेरिकन नागरिक गेला. अमली पदार्थाच्या खटल्यातून तो सुटला होता, पण गुगलवर निकाल दिसतो म्हणून नोकरी मिळेना. न्यायालयाने तो निकाल शोधात दिसू नये असा आदेश दिला. बरोबरच केलं. पण आमच्या वस्तीतल्या पोराने दिल्लीला जायला तिकिटाचे पैसे कुठून आणायचे?

*

इथे माझ्याच एका मित्राने मला अडवलं. तो म्हणाला, "तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यांचीच नोंद पुसायची? खैरलांजी करणाऱ्यांचीपण?" प्रश्न बरोबर आहे. टाळून चालणार नाही.

माझं म्हणणं असं. माणसावर केलेल्या भयंकर गुन्ह्याची, कोर्टात सिद्ध झालेली शिक्षा राहू द्या. अ‍ॅट्रॉसिटीत दोषी ठरलेल्याच्या हाती ठाणं, शाळा, वसतिगृह देऊ नका. तिथे विचारा, तपासा, नाकारा. मी शिक्षेबद्दल बोलत नाही, आरोपाबद्दल बोलतोय. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, ही साधी गोष्ट. ती त्यांच्यासाठी खरी, तर आपल्यासाठीही खरी.

आणि दुसरी गोष्ट आपल्याला जास्त बोचणारी आहे. आपण नेहमी निर्दोष पोराची बाजू घेतो. मीही आत्तापर्यंत तेच केलं. दगड हातात घेतला नाही, असं मी वर लिहिलंय ना? का लिहिलं? कारण मलाही स्वच्छ दिसायचंय. पण आमच्या गल्लीत एक जण आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याने मोबाईल चोरला. खरोखर चोरला. सहा महिने आत राहिला. आज तो तिशीत आहे, दोन पोरी आहेत, गाडी चालवतो, दारूला शिवत नाही. सामान पोचवणाऱ्या कंपनीने त्याला पडताळणीत काढला. अकरा वर्षांपूर्वीचा मोबाईल! त्याने शिक्षा भोगली की नाही? कोर्टाने सहा महिने दिले होते, जन्मठेप दिली नव्हती. उरलेली शिक्षा कुणाच्या हुकमाने चाललीय? बँका बुडवून परदेशी पळणाऱ्यांच्या देशात याचाच हिशोब तेवढा मिटत नाही. त्याच्या बाजूने उभं राहायला आपल्याला लाज वाटत असेल, तर आपणही आतून पांढरपेशे झालो, असं समजा.

*

आता सगळ्यात मोठं नुकसान सांगतो. नोकरी गेली त्याचं नाही. दुसरी मिळेल, नाही तर हमाली करीन.

यंदा आमच्या वस्तीत पाण्यासाठी मोर्चा काढायचा होता. तीन महिने नळ कोरडा. बैठकीला बाया आल्या, म्हातारे आले. कॉलेजची पोरं आली नाहीत. एकाला मी घरी जाऊन गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, भरती आहे. तुझं काय झालं ते बघितलं ना?"

मी काय बोलणार त्याला?

दोस्तांनो, हे आहे या यंत्राचं खरं काम. लाठीने जे १९७८ साली नामांतराच्या पोरांबाबत झालं नाही, ते एका कॉम्प्युटरच्या नोंदीने होतंय. पोरं आपणहून घरी बसताहेत. शिकलेला तरुण मोर्चातून गेला की मागे उरतात म्हातारे आणि पुढारी. जरा विचार करा. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. त्यात प्रतिवादी म्हणून डॉ. भीमराव आंबेडकरांचं नाव होतं. मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडलं. जवळपास दहा वर्षं! आजच्या एखाद्या कंपनीने बाबासाहेबांचं नाव टाकून बघितलं असतं, तर काय आलं असतं? दावा प्रलंबित, लाल शिक्का. मग बाबासाहेबांनी तळ्यावर जायचं नव्हतं काय?

म्हणून आपल्या मागण्या साफ आहेत. एक, अर्जात आणि पडताळणीत फक्त सिद्ध झालेली शिक्षा विचारा. अटक, एफआयआर आणि चॅप्टर केस विचारायची नाही. दोन, निर्दोष सुटला, खटला मागे घेतला, की कोर्टानेच ठाण्याला कळवावं आणि ठरावीक दिवसांत ते नाव पडताळणीतून निघावं. आरोपीने चकरा मारायच्या नाहीत. तीन, संशयाचा फायदा आणि सन्मानाने सुटका असा भेद नोकरीत करायचा नाही. चार, खाजगी कंपनीने नकार देण्याआधी रिपोर्ट त्या माणसाच्या हातात द्यावा, त्याचं ऐकावं. पाच, लहान शिक्षा काही वर्षांनी सरली असं मानणारा कायदा या देशात करा.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. फॉर्मवर खोटं लिहू नका. खोटं लिहिलं की त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळतं. खरं लिहा आणि सोबत निकालाची प्रमाणित नक्कल जोडा. नक्कल आजच काढून ठेवा, जुन्या फायली शोधायला वर्ष जातं. चॅप्टरच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो. जिल्हा कोर्टातच त्याचं ऑफिस असतं. तिथे जा, एकटे जाऊ नका.

आणि आमच्या वस्तीत आम्ही एक वही घातलीय. दोनशे पानी, शाळेची. तिच्यात वस्तीतल्या प्रत्येक केसचा नंबर, कलमं, तारीख, निकाल, नक्कल काढली की नाही, हे सगळं लिहितो. आतापर्यंत एकेचाळीस नावं झाली. एकोणतीस जण सुटलेले आहेत, आणि त्यातल्या फक्त सहांकडे निकालाची नक्कल होती. पोलिसांकडे त्यांची वही आहे, आता आपली आपल्याकडे आहे. वहीचं पहिलं नाव आजाचं आहे. सत्याग्रह, १९६४. त्याने स्वतः सांगितलं, माझं बी लिव्हा.

पाण्याचा मोर्चा येत्या सोमवारी निघतोय. मी जाणार आहे. ज्याच्या घरी मी गेलो होतो, तो पोरगा परवा वही बघायला आला होता. बराच वेळ पानं उलटत बसला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

जय भीम!